ट्रान्सपरंट लोगोच्या मागे कुठे पांढरं, कुठे काळं का दिसतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या दुकानांच्या, कारखान्यांच्या आणि मंडळांच्या वेबसाइट करताना आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते लोगोच्या मागच्या रंगावरून. गुजरीतल्या सराफाला लोगोमागे पांढरा डबा दिसतो, पुण्यात असलेल्या त्याच्या मुलाला काळा दिसतो, आणि फाईल दोघांकडे एकच असते. प्रश्न जसे येतात तसेच खाली घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत आणि काही दोन ओळींत संपली आहेत.

एकच पीएनजी क्रोममध्ये एक, फायरफॉक्समध्ये दुसरी आणि मोबाइलवर तिसरीच का दिसते?

चित्र तेच असतं, त्याच्या मागचं बदललेलं असतं. पीएनजीतल्या प्रत्येक ठिपक्याला चार आकडे असतात: लाल, हिरवा, निळा आणि चौथा अल्फा. अल्फा २५५ असेल तर ठिपका पूर्ण भरीव. ० असेल तर तिथे काहीच नाही. मधले सगळे आकडे म्हणजे कमी-जास्त आरपार. जिथे अल्फा ० आहे तिथे मागे कोणता रंग दिसावा, हे ब्राउझर फाईलला विचारतच नाही. खरं तर पीएनजीत 'पार्श्वभूमी हा रंग धरा' असं सुचवायची एक छोटी नोंद करता येते, पण आजचे ब्राउझर तिच्याकडे बघत नाहीत.

मग तो रंग ठरवतं कोण? आधी वेबसाइटची सीएसएस, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी सांगणाऱ्या सूचना. तिने काही सांगितलं नसेल तर ब्राउझर. ब्राउझरच्या डोक्यावर फोनचा डार्क मोड. आणि चित्र पानातून बाहेर पडून व्हॉट्सॲपवर गेलं, तर व्हॉट्सॲप. म्हणजे लोगो ट्रान्सपरंट ठेवला की मागचा रंग ठरवायचा अधिकार तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकता. 'ब्राउझर खराब आहे' म्हणून आलेल्या तक्रारींत ब्राउझरचा दोष क्वचितच निघतो. तो दुसरा कोण, हे आधी कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

चित्राची लिंक थेट उघडली की मागे राखाडी चौकोन येतो. बॅकग्राउंड नीट काढलेलं नाही का?

बहुतेक वेळा नीट काढलेलं असतं. चित्र स्वतंत्र टॅबमध्ये उघडलं की ते तुमच्या वेबसाइटचं पान राहत नाही. ब्राउझर स्वतःच एक साधं पान तयार करतो आणि त्यात चित्र मध्यभागी टाकतो. क्रोम या पानाला जवळजवळ काळा रंग देतो आणि चित्राच्या मागे तेवढ्यापुरता फिकट राखाडी. एज आतून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर चालतो, त्यामुळे तिथेही तेच. फायरफॉक्सही गडद पानावर ट्रान्सपरंट चित्राला मागे फिकट रंग देतो, म्हणजे काळ्या अक्षरांचा लोगो काळ्या पानात हरवत नाही.

सोय चांगली आहे, पण तिने गोंधळ बराच होतो. पांढऱ्या अक्षरांचा लोगो या फिकट राखाडीवर दिसतच नाही आणि मालक म्हणतात, 'फाईल रिकामी पाठवलीत.' म्हणून लोगो मंजूर करताना सुटी लिंक बघू नका, पानावर लावलेला बघा. एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेल्या, लोगोची गोष्ट आणखी निराळी. ब्राउझर त्याला चित्र न समजता दस्तऐवज समजून उघडतो, आणि सहसा मागे साधा पांढरा कागद दाखवतो.

गूगलवर शोधलं की मागे पांढऱ्या-राखाडी चौकटी दिसतात. डाउनलोड केल्यावरही त्या तशाच राहतात. असं का?

त्या चौकटी ही फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरची खूण आहे: 'इथे काही नाही' असं दाखवायची. चित्रात त्या नसायला हव्यात. पण कोणीतरी त्या चौकटींचाच स्क्रीनशॉट घेऊन पीएनजी म्हणून चढवतो आणि तुम्ही तो उतरवून घेता. त्या फाईलमध्ये अल्फा सगळीकडे २५५ असतो. ओळखायची सोपी खूण: शोधाच्या लहान चित्रातच चौकटी दिसत असतील तर माल नकली. देवीचा फोटो, महाराजांची मुद्रा आणि मोराची पिसं या तिन्हींच्या बाबतीत असला नकली माल आमच्याकडे कायम येतो. शिवाय फुकट मिळालेलं चित्र वापरायचा हक्क आपल्याला आहे का, हेही एकदा बघून घ्या.

डार्क मोड चालू केला की दुकानाचा लोगो गायबच होतो. काय करायचं?

सध्याचा सगळ्यात मोठा घोटाळा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

लोगो काळ्या किंवा गडद तपकिरी अक्षरांत आणि मागे ट्रान्सपरंट. पान पांढरं असेतोवर कोणाला काही कळत नाही. पान काळं झालं की काळ्यावर काळं. पान काळं व्हायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिला मार्ग म्हणजे वेबसाइटने स्वतः डार्क मोड दिलेला असतो. पानाच्या सीएसएसमध्ये कलर-स्कीम या गुणधर्माला 'डार्क' ही किंमत दिली, आणि पानाला वेगळा पार्श्वभूमी रंग दिलाच नाही, तर ब्राउझर आपल्या पदरचा गडद रंग टाकतो. तो प्रत्येकाचा निराळा. क्रोमचा काळसर करडा, फायरफॉक्सचा किंचित जांभळट झाक असलेला, सफारीचा आणखी थोडा उजळ. 'ब्राउझरप्रमाणे बॅकग्राउंड वेगळं दिसतं' ही तक्रार इथे शब्दशः खरी ठरते. उपाय सोपा आहे: पानाला स्वतःचा गडद रंग लिहून द्या, ब्राउझरवर सोडू नका.

दुसरा मार्ग म्हणजे वेबसाइटने काहीच दिलेलं नसताना फोन जबरदस्तीने पान गडद करतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये वेबसाइट गडद करायची सोय आहे आणि सॅमसंग इंटरनेटचा डार्क मोडही उजळ पानांचे रंग बदलतो. हे ब्राउझर पार्श्वभूमी काळी करतात, अक्षरं पांढरी करतात, पण फोटो सहसा तसेच ठेवतात, नाहीतर माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे दिसतील. तुमचा लोगो त्यांच्या लेखी फोटोच असतो. त्यामुळे मागचं पान काळं होतं आणि लोगो होता तसाच काळा राहतो. एखादं लहान आयकॉन मात्र ब्राउझर उलटवूनही टाकतो, म्हणजे एकाच पानावर दोन तऱ्हा.

इलाज तीन, आमच्या पसंतीच्या क्रमाने. एक, लोगोच्या दोन फाईली ठेवा, उजळ पानासाठी गडद आणि गडद पानासाठी उजळ. एचटीएमएलच्या पिक्चर टॅगमध्ये 'वापरणाऱ्याला गडद पान हवं असेल तर ही फाईल' असं सांगता येतं आणि आजचे सगळे प्रमुख ब्राउझर ते पाळतात. दोन, लोगो एसव्हीजीत असेल तर हीच अट फाईलच्या आतच लिहिता येते. तीन, लोगोला बारीक पांढरी किनार द्या किंवा त्याच्या मागे स्वतःची पट्टी ठेवा. पहिले दोन उपाय दुसऱ्या मार्गावर, म्हणजे जबरदस्तीच्या डार्क मोडवर, दर वेळी चालतीलच असं नाही. तिसरा सगळीकडे चालतो, पण दिसायला थोडा बोजड. तरीही महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुकानाला मी तिसराच सुचवेन, कारण त्यांचं गिऱ्हाईक कुठल्या फोनवर आणि कुठल्या ॲपमधून येईल याचा काही नेम नसतो.

क्रोमला 'माझं पान गडद करू नकोस' असंही सांगता येतं. त्यासाठी कलर-स्कीमला 'ओन्ली लाइट' ही किंमत द्यायची. सराफांच्या साइटवर आम्ही ते करतो, कारण सोन्याचा रंग बिघडलेला त्यांना चालत नाही.

चपलेचा फोटो पांढऱ्यावर झकास दिसतो, पण काळ्या पानावर कडेला पांढरी रेघ उमटते. ती कुठून येते?

फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून काढला, तिथून.

कापशी चपलेची वेणी घ्या. चामड्याच्या बारीक पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या, कड कुठेच सरळ नाही. फोटोत त्या कडेवरचा प्रत्येक ठिपका अर्धा चामड्याचा आणि अर्धा मागच्या कागदाचा असतो. चामड्याचा रंग समजा लाल १५०, हिरवा ९०, निळा ५०. कागद तिन्हींत २५५. कडेच्या ठिपक्याला दोन्हींची सरासरी मिळते: साधारण २०२, १७२, १५२. म्हणजे चामडं नाही, फिकट बदामी.

आता बॅकग्राउंड काढायचं साधन या ठिपक्याचा अल्फा निम्म्यावर आणतं. हे बरोबरच आहे. पण रंग तोच बदामी ठेवतं, आणि घोळ इथे होतो. पांढऱ्या पानावर बदामी आणि पांढरं मिसळतं, कोणाला काही दिसत नाही. तीच चप्पल १८, १८, १८ अशा काळसर पानावर ठेवा. ठिपका दिसतो ११०, ९५, ८५ असा, म्हणजे राखाडी. दिसायला हवा होता ८४, ५४, ३४, म्हणजे गडद तपकिरी. असे शेकडो राखाडी ठिपके वेणीभोवती ओळीने बसले की त्याची पांढरट रेघ होते. गोंड्याच्या दोऱ्यांवर तर हे आणखी उठून दिसतं, कारण तिथे कडेशिवाय दुसरं काही नसतंच.

यात ब्राउझरचा संबंध शून्य. उपाय फोटो काढतानाच करा: शक्य असेल तर चपलेच्या रंगाच्या जवळपासच्या, मध्यम करड्या कापडावर फोटो घ्या. काढून झालेल्या फोटोला फोटोशॉपमध्ये 'डीफ्रिंज' किंवा 'डीकंटॅमिनेट कलर्स' ही सोय आहे. ती कडेच्या ठिपक्यांचा रंग आतल्या चामड्यावरून भरून घेते. तेही जमत नसेल तर निवड एक पिक्सेल आत घ्या. वेणी किंचित बारीक दिसेल, पण रेघ जाईल.

आणि हो, चपलेच्या अंगठ्यातून मागचं दिसतं ती फट, तसंच साजाच्या दोन पानांमधल्या फटी, आपोआप बॅकग्राउंड काढणारी साधनं बऱ्याचदा विसरतात. पांढऱ्या पानावर कोणाला कळत नाही. काळ्यावर दागिन्यात पांढरे तुकडे अडकल्यासारखे दिसतात.

काकवीची काचेची बाटली, मोत्याची नथ, गुलाल: यांचं बॅकग्राउंड निघेल का?

गुलाल निघतो, मोती निघतो, काच छळते.

गुलालाचा ढग म्हणजे शुद्ध अल्फा. मध्ये दाट, कडेला विरत जाणारा. पीएनजीत अल्फाच्या २५६ पायऱ्या असतात, त्यामुळे तो छान विरतो. तोच ढग जीआयएफमध्ये ठेवला तर गेलाच. जीआयएफला ट्रान्सपरन्सी मिळाली १९८९च्या आवृत्तीत, आणि ती फक्त हो किंवा नाही अशी: ठिपका आहे किंवा नाही, मधलं काही नाही. वर रंग जास्तीत जास्त २५६. त्यामुळे जोतिबाच्या यात्रेच्या बॅनरवरचा गुलाल जीआयएफमध्ये कात्रीने कापल्यासारखा दिसतो. गुलालाचा फोटो काळ्या कापडासमोर घेतलेला असला की काम सोपं होतं. पांढऱ्यासमोर घेतलात तर वरच्या चपलेचाच प्रश्न, फक्त शंभर पटीने.

काचेच्या बाटलीतून मागचं टेबल दिसत असतं आणि साधन त्या टेबलालाही बाटलीचाच भाग समजतं. मग तुमच्या हिरव्या पानावर बाटली येते ती पोटात लाकडी टेबल घेऊन. हे हातानेच करावं लागतं: काचेच्या भागाचा अल्फा कमी करायचा, चमक वेगळ्या थरावर ठेवायची. गुळाच्या आणि काकवीच्या व्यापाऱ्यांना आमचा सरळ सल्ला असतो की बाटलीचं बॅकग्राउंड काढू नका, चांगल्या जागी चांगला फोटो काढा आणि चौकोनीच लावा. ढेपेचं मात्र खुशाल काढा.

व्हॉट्सॲपवरून पाठवला की लोगोच्या मागे रंग का भरतो?

फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप चित्र जेपीजी करून लहान करतं. जेपीजीत अल्फा नसतोच, त्यामुळे रिकाम्या जागी काहीतरी रंग भरावाच लागतो. तो कधी पांढरा, कधी काळा, फोन आणि आवृत्तीप्रमाणे. उपाय एकच: ॲटॅच करताना 'डॉक्युमेंट' निवडा. मग फाईल जशीच्या तशी जाते. 'एचडी' निवडूनही उपयोग नाही, तोही फोटोच.

स्टिकर मात्र ट्रान्सपरंट राहतात, कारण ते वेबपी या अल्फा ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये असतात. साध्या स्टिकरचं माप ५१२ बाय ५१२ आणि वजन १०० केबीच्या आत. पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल संघांचे स्टिकर करताना आम्ही त्यांना जाड पांढरी किनार देतोच. हंगामात ते कुणाच्या काळ्या वॉलपेपरवर जातात, कुणाच्या हिरव्या, आणि प्रतिस्पर्धी संघाच्या ग्रुपवर तर जातातच.

जेपीजीला पीएनजी केलं की बॅकग्राउंड जातं ना?

नाही. फाईलचं नाव बदललं, आतला पांढरा रंग पांढराच राहिला.

उलट दिशेने मात्र गंमत होते. ट्रान्सपरंट पीएनजीची जेपीजी केली की काही सॉफ्टवेअर मागे पांढरं भरतात, काही काळं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फुकट साधनांत काळं येण्याचं कारण बहुतेक वेळा हे: ती चित्र कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या जागेवर, काढून जेपीजी करतात, आणि वेबच्या नियमानुसार कॅनव्हासवरचं ट्रान्सपरंट चित्र अल्फा नसलेल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढताना काळ्यावर बसवलं जातं. हे सगळ्या ब्राउझरांत सारखं आहे. साधन करणाऱ्याने आधी पांढरा रंग भरून घ्यायला हवा, तो विसरलेला असतो.

मग कुठला फॉरमॅट वापरायचा? पीएनजी, वेबपी की एव्हीआयएफ?

लोगो रेषांचा असेल तर एसव्हीजी. फोटोचं बॅकग्राउंड काढलेलं असेल तर वेबपी. राखीव म्हणून पीएनजी.

पीएनजी १९९६ पासून आहे आणि सगळीकडे चालते, पण फोटोला जड. ऐंशी चपलांचं पान पीएनजीत केलं तर गिऱ्हाईक पान उघडेपर्यंत प्रत्यक्ष दुकानात जाऊन येईल. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणलं. गूगलच्या सांगण्यानुसार गुणवत्ता न घटवता केलेलं वेबपी पीएनजीपेक्षा सुमारे २६ टक्के लहान, आणि थोडी गुणवत्ता सोडायची तयारी असेल तर अल्फा राखूनही साधारण तिपटीने लहान. फायरफॉक्सने ते २०१९ मध्ये घेतलं, सफारीने २०२० मध्ये. एव्हीआयएफ आणखी हलकं: क्रोममध्ये २०२०, फायरफॉक्समध्ये २०२१, सफारीत २०२२ पासून. जुन्या आयफोनवर ते उघडत नाही, म्हणून एव्हीआयएफ देताना पिक्चर टॅगमध्ये मागे वेबपी किंवा पीएनजी ठेवायची.

आयफोनवर एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्याकडे आयफोनवर क्रोम घेतलं काय आणि फायरफॉक्स घेतलं काय, आतलं इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिट. 'आयफोनच्या क्रोममध्ये दिसत नाही' अशी तक्रार आली की आम्ही आधी सफारी तपासतो.

आयफोनच्या होम स्क्रीनवर साइट ठेवली तर आयकॉन काळा आला.

होम स्क्रीनच्या आयकॉनमधला ट्रान्सपरंट भाग आयओएस काळा भरतं. तिथे ट्रान्सपरंट फाईल देऊच नका. तुमच्या रंगाची चौकोनी भरीव फाईल द्या, कोपरे फोन स्वतः गोल करतो. अँड्रॉइडवर अशा आयकॉनला बऱ्याचदा मागे पांढरा गोल मिळतो आणि लोगो त्यात आक्रसून बसतो. तिथेही भरीव आणि कडेला ऐसपैस जागा सोडलेली फाईल लागते.

ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चिन्ह म्हणजे फेव्हिकॉन. ते ट्रान्सपरंट चालतं, पण टॅबची पट्टी कोणाची पांढरी, कोणाची काळी. दोन्हींवर उठून दिसेल असा मधला रंग घ्या.

ट्रान्सपरंट करायचंच कशाला? पानाचा रंगच चित्रात भरला तर?

चालतं, पण थोडे दिवस. पानाचा मोतिया रंग चित्रातही भरला आणि चित्र जेपीजी केलं, तर दाबताना रंग एक-दोन आकड्यांनी सरकतो. चांगल्या स्क्रीनवर फिकट डबा दिसायला लागतो. चित्रात रंगाची वेगळी प्रोफाइल असेल तर दोन ब्राउझरांत दोन छटा. आणि दिवाळीला तुम्ही पानाचा रंग बदललात की सगळे फोटो पुन्हा.

पांढऱ्यावरचे फोटो आधीच शेकड्याने पडलेले असतील आणि ते कापायचं बजेट नसेल, तर सीएसएसमधला मल्टिप्लाय हा मिश्रणाचा प्रकार वापरून बघा. पांढरं मागच्या रंगात विरघळतं, चप्पल राहते. फिकट पानावर हे सुरेख चालतं. गडद पानावर चप्पलही काळोखात जाते, तेव्हा डार्क मोडमध्ये ते बंद ठेवा.

फोटोला सावली दिली तर चौकोनी सावली पडते. चपलेच्या आकाराची का पडत नाही?

बॉक्स-शॅडो वापरली असेल. ती चित्राच्या चौकटीला सावली देते, अल्फा बघत नाही. फिल्टरमधली ड्रॉप-शॅडो अल्फा बघते आणि वेणीच्या, गोंड्याच्या आकाराने सावली पाडते. पानावर असे खूप फोटो असतील तर साध्या फोनवर स्क्रोल अडखळू शकतो, म्हणून पहिल्या मोठ्या फोटोलाच द्या.

ऑफिसातल्या जुन्या संगणकावर मागे निळसर राखाडी दिसतं.

हा प्रश्न अजून येतो याचंच आश्चर्य. इंटरनेट एक्सप्लोरर ६, म्हणजे २००१चा ब्राउझर, पीएनजीचा अल्फा पाळत नव्हता आणि रिकाम्या जागी राखाडी रंग भरायचा. त्या काळी सगळ्या जगाने त्यासाठी खास फिल्टरच्या खटपटी केल्या. २००६च्या सातव्या आवृत्तीत ते सुधारलं आणि मायक्रोसॉफ्टने २०२२च्या जूनमध्ये एक्सप्लोररच निवृत्त केला. संगणकावर फायरफॉक्स किंवा एज टाका. बँकेच्या नाहीतर सरकारी कामासाठी जुना ब्राउझर लागतो म्हणत असाल, तर एजमध्ये त्यासाठी आयई मोड आहे.

हलता लोगो ट्रान्सपरंट हवा आहे. होईल?

होईल, पण व्हिडिओ दोन करावे लागतील. क्रोम आणि फायरफॉक्सला अल्फासह वेबएम, सफारीला अल्फासह एचईव्हीसी. छोटं काम असेल तर हलतं वेबपी पुरतं. खरं सांगायचं तर एसव्हीजी लोगोला सीएसएसने हलवणं या सगळ्याहून हलकं पडतं.

वेबसाइटवरून बिलाची प्रिंट काढली की लोगो येत नाही.

लोगो पांढरा आणि मागची पट्टी मरून, असं असणार. ब्राउझर छापताना शाई वाचवायला पार्श्वभूमीचे रंग वगळतात. पट्टी गेली, कागद पांढरा, त्यावर पांढरा लोगो. एका वेळेपुरतं प्रिंटच्या खिडकीत 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' या चौकटीत टिचकी मारा. कायमचा इलाज म्हणजे प्रिंटसाठी वेगळी सीएसएस लिहून तिथे गडद लोगो लावणं. रोज बिलं निघणार असतील तर दुसराच करा, काउंटरवरचा मुलगा ती टिचकी दर वेळी मारणार नाही.

फ्लेक्सवाल्याला वेबसाइटवरचाच लोगो दिला तर?

लहान पडेल आणि फुटेल. शिवाय पीएनजीत छपाईचे सीएमवायके रंग ठेवता येत नाहीत, त्यामुळे स्क्रीनवरचा लखलखीत केशरी फ्लेक्सवर मंद येतो. फ्लेक्सवाल्याला व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी न फुटणारी) पीडीएफ किंवा ज्यात लोगो काढला ती मूळ फाईल द्या.

तुमच्याकडे काम देण्याआधी आम्ही घरीच कसं तपासायचं?

लोगो चार रंगांवर ठेवून बघा: पांढरा, काळा, मध्यम करडा आणि गुलालाचा गुलाबी. गुलाबी यासाठी की पांढरी कड आणि काळी कड, दोन्ही त्यावर लगेच उठतात. फटींत अडकलेले तुकडेही दिसतात. संगणक असेल तर क्रोममध्ये पानावर उजवं क्लिक, इन्स्पेक्ट, मग रेंडरिंग नावाच्या विभागात पान गडद असल्याचा आव आणता येतो, फोनची सेटिंग बदलावी लागत नाही. जबरदस्तीचा डार्क मोडही तिथेच चालू करून बघता येतो. सॅमसंगच्या ब्राउझरसाठी मात्र कुणाचा तरी खरा फोन हातात घ्यावा लागतो.

फाईली पाठवताना ईमेलने किंवा ड्राइव्हची लिंक देऊन पाठवा. व्हॉट्सॲपवरूनच पाठवायच्या असतील तर डॉक्युमेंट म्हणून. आणि ज्या पेंटरने किंवा डिझायनरने लोगो काढला त्याचा नंबर सोबत द्या, आम्ही मूळ फाईल त्याच्याकडूनच मागून घेतो.